फोन ठेवते

मराठीत आपण अजूनही फोन ‘ठेवतो’. बोलणं संपलं की ‘चल, ठेवते’ म्हणायचं आणि काचेवरच्या लाल गोलाला बोट लावायचं. ठेवत मात्र काहीच नाही. फोन हातातच राहतो आणि पुढच्या क्षणी त्यावर रील सुरू होतं. फोन ‘उचलणं’ही तसंच. आणि ‘त्याला एक फोन फिरव’ असं म्हणणाऱ्या विशीतल्या मुलांनी फिरवायची ती तबकडी बहुतेक वेळा फक्त सिनेमात पाहिलेली असते.

ही क्रियापदं ज्या यंत्रामुळे मराठीत आली, ते यंत्र साताऱ्याला आईच्या घरी अजून आहे आणि चालू आहे. दर महिन्याला त्याचं बिल भरलं जातं. परदेशात असलेला माझा भाऊ दर दिवाळीला म्हणतो, “आई, तो फोन आता सरेंडर करून टाक.” जोडणी बंद करण्यासाठी आपल्याकडे हाच शब्द रूढ आहे, सरेंडर. शत्रूपुढे शस्त्रं टाकावीत तसा. आईचं उत्तर ठरलेलं असतं, “असू दे.”

या ‘असू दे’त नुसती सवय आहे की काही कारणही आहे, हे मला शोधायचं होतं. त्यासाठी घरातला फोन आपल्याकडे आला कसा, किती जणांकडे आला आणि गेला कसा, हे आधी पाहावं लागलं. तुमच्यापैकी अनेकांनी डायल टोन कधी ऐकलाही नसेल, म्हणून थोडं मुळापासून सांगते.

साहेबाची वस्तू

अलेक्झांडर ग्रॅहम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं १८७६ साली. पुढच्या चार-पाच वर्षांत इंग्लंडमधल्या कंपन्या हिंदुस्थानात टेलिफोन केंद्रं उघडायची परवानगी मागू लागल्या. सरकारने आधी नकार दिला. तारखातं सरकारच्या मालकीचं, तेव्हा टेलिफोनही सरकारच काढेल, असं म्हणणं होतं. मग धोरण बदललं आणि १८८१ मध्ये ओरिएंटल टेलिफोन कंपनीला परवाना मिळाला. २८ जानेवारी १८८२ हा भारतातल्या टेलिफोनचा अधिकृत वाढदिवस. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथली केंद्रं सुरू झाल्याची घोषणा त्या दिवशी झाली. कलकत्त्याच्या केंद्राचे तेव्हा ग्राहक होते ९३. आज एका मोठ्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये याहून जास्त माणसं असतात.

हे ग्राहक म्हणजे पेढ्या, जहाज कंपन्या, सरकारी कचेऱ्या, साहेबांचे बंगले. फोन करायचा म्हणजे रिसिव्हर उचलून केंद्रातल्या ऑपरेटरला नंबर सांगायचा. ती समोरच्या बोर्डावर दोरीसारखी वायर एका भोकातून दुसऱ्या भोकात खोचायची आणि दोन घरं जोडली जायची. म्हणजे पहिल्या दिवसापासून टेलिफोनच्या संभाषणात तिसरं माणूस होतंच. कोण कुणाला किती वेळा फोन करतं, हे ऑपरेटरला ठाऊक असायचं.

हे तिसरं माणूस काढून टाकायची खटपट अमेरिकेत आल्मन स्ट्राउजर नावाच्या गृहस्थाने केली. त्याचा धंदा अंत्यविधीचा. गावातल्या प्रतिस्पर्ध्याची बायको टेलिफोन ऑपरेटर होती आणि मेलेल्यांच्या घरचे फोन ती आपल्याऐवजी नवऱ्याकडे जोडते, असा त्याला संशय होता, अशी कथा सांगतात. कथा किती खरी ते सोडा, पण आपोआप जोडणी करणाऱ्या केंद्राचं पेटंट १८९१ मध्ये त्याच्याच नावावर झालं, हे खरं. पुढे त्यातूनच तबकडीचा फोन आला. तबकडीच्या भोकात बोट घालून फिरवायचं आणि सोडायचं. परत येताना ती विजेचा प्रवाह तितक्या वेळा तोडायची, एकला एकदा, दोनला दोनदा आणि शून्याला दहादा. केंद्रातली यंत्रं हे झटके मोजायची. त्यामुळे नंबरात शून्य-नऊ जास्त असले की फोन लावायला खरोखरच जास्त वेळ लागायचा.

याचा आणखी एक उपयोग मुलांना ठाऊक होता. बिल वाढू नये म्हणून वडीलमाणसं तबकडीला छोटं कुलूप घालायची. मग मुलं रिसिव्हर ठेवायच्या जागेवरचं बटण टकटक दाबून तेच झटके द्यायची. चारसाठी चारदा, सातासाठी सातदा. हात सराईत असला तर फोन लागायचा. पॅटर्न लॉक उघडण्याच्या खटपटींचा हा आजोबा.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा साऱ्या देशात साधारण ऐंशी हजार टेलिफोन होते. लोकसंख्या चौतीस कोटींच्या आसपास. टेलिफोन ही वस्तू बहुतेकांनी पाहिली ती पडद्यावर. १९४९ च्या ‘पतंगा’ सिनेमात रंगूनहून देहरादूनला टेलिफोनवर चालणारं एक गाणं आहे. आपल्या सी. रामचंद्रांनी ते संगीतबद्ध केलं आणि शमशाद बेगमबरोबर गायलंही. ते देशभर गुणगुणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी स्वतः कधी रिसिव्हर कानाला लावला असेल.

आठ वर्षांची रांग

स्वतंत्र भारताने टेलिफोनची यंत्रं स्वतः बनवायचं ठरवलं. १९४८ मध्ये बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज सुरू झाली. पण पैसा मर्यादित होता. धरणं, पोलाद, अन्नधान्य यांच्या पुढे घरगुती टेलिफोनचा नंबर लागणं शक्य नव्हतं. टेलिफोन ही चैन मानली गेली आणि चैनीसाठी रांग असते.

या रांगेतही पोटरांगा होत्या. मोठी अनामत भरणाऱ्यांसाठी ‘ओन युवर टेलिफोन’, म्हणजे ओवायटी. डॉक्टर, पत्रकार वगैरेंसाठी विशेष वर्ग. उरलेल्यांसाठी सर्वसाधारण वर्ग. शिक्षक असलेले माझे बाबा या शेवटच्या वर्गातले. त्यांनी १९८४ मध्ये अर्ज केला. फोन आला १९९२ मध्ये. मधल्या काळात मी बालवाडीतून सहावीत गेले.

हे आमच्याच नशिबी होतं असं नाही. शशी थरूर एक किस्सा नेहमी सांगतात. ऐंशीच्या दशकात दळणवळण मंत्री सी. एम. स्टीफन यांनी संसदेत टेलिफोनच्या तक्रारींना उत्तर देताना, टेलिफोन ही चैन आहे, हक्क नाही, आणि ज्यांना आवडत नसेल त्यांनी तो परत करावा, घ्यायला रांग उभीच आहे, अशा आशयाचं सुनावलं होतं. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणातले आकडे पाहिले तर मंत्र्यांचा हिशेब बरोबरच होता. तेव्हा देशात सुमारे ८० लाख जोडण्या होत्या आणि प्रतीक्षायादीत होते २५ लाख. शंभर माणसांमागे एकही फोन नाही, फक्त ०.८. जगाची सरासरी शंभरामागे दहा.

घरी फोन आला म्हणजे परगावी बोलता आलं, असंही नव्हतं. परगावी बोलायला ट्रंक कॉल. १८० वर नोंदवायचा आणि बसायचं. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन वर्ग, चढत्या दराचे. ऑर्डिनरी कॉल लागायला तासन् तास जायचे. ऑपरेटरविना थेट परगावी फोन लावायची सोय, म्हणजे एसटीडी, भारतात पहिल्यांदा लखनौ-कानपूर दरम्यान नोव्हेंबर १९६० मध्ये झाली. पण ती गावोगाव पोचायला आणखी दोन-तीन दशकं गेली.

एसटीडी आली आणि तिच्याबरोबर कोड आले. मुंबई ०२२, पुणे ०२०, कोल्हापूर ०२३१, नाशिक ०२५३, नागपूर ०७१२, गोवा ०८३२, आमचा सातारा ०२१६२. जितका कोड लांब, तितकं गाव लहान. आईच्या जुन्या डायरीत माणसांपेक्षा गावं आधी दिसतात.

पी. पी.

आता एका शब्दाबद्दल. जुन्या लग्नपत्रिका किंवा व्हिजिटिंग कार्डं कुठे सापडली तर बघा. टेलिफोन नंबरापुढे कंसात ‘पी. पी.’ लिहिलेलं दिसेल. मूळ शब्द ट्रंक कॉलचा. ‘पर्टिक्युलर पर्सन’ म्हणजे अमुकच माणूस फोनवर आलं तर जोडा, नाहीतर नको. आपल्याकडे त्याचा अर्थ झाला ‘शेजाऱ्यांचा फोन’. म्हणजे हा नंबर माझा नाही, पण इथे फोन केलात तर मला बोलावतील.

जो नंबर आपला नाही तो आपल्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर छापायचा! आज कुणी असं करेल का? आपला नंबर दुसऱ्याने असा छापू देईल का?

१९९२ नंतर आमचा नंबर गल्लीतल्या निदान सहा घरांचा पी. पी. होता. फोन बाहेरच्या खोलीत, खिडकीशी, क्रोशाच्या रुमालाखाली. आई खिडकीतून हाक मारायची, “काकू, तुमचा फोन आहे! नागपूरहून!” काकू पदराला हात पुसत यायच्या. त्या येईपर्यंत रिसिव्हर बाजूला काढून ठेवलेला, आणि पलीकडचं माणूस एसटीडीच्या दराने आमच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकत असायचं. दर वाचवायला लोक रात्री अकरानंतर फोन करायचे, कारण तेव्हा पाव दर लागायचा. म्हणजे आम्ही झोपायच्या तयारीत असताना आमच्या बाहेरच्या खोलीत शेजाऱ्यांचं कुटुंब जमलेलं.

बाहेर फोन करायचा असेल तर डब्यात पैसे टाकायची पद्धत होती. काही जण टाकायचे, काही विसरायचे, आणि आई कुणालाच काही म्हणायची नाही. पण या फोनने एक जबाबदारी आणली होती, तिचे पैसे होत नव्हते. एकदा रात्री दोनला फोन वाजला. समोरच्या काकांचा धाकटा भाऊ सोलापूरला अपघातात गेला होता. तिकडून बोलणाऱ्याने बाबांना सांगितलं, “तुम्हीच सांगा त्यांना, जरा सावकाश.” बाबा शर्ट चढवून गेले. समोरचं दार वाजवायच्या आधी ते अंगणात बराच वेळ नुसते उभे होते. मी खिडकीतून पाहत होते. ज्याच्या घरी फोन, त्याच्यावर गल्लीतल्या वाईट बातम्या पोचवायचं काम. यात कुणाला काही विशेष वाटत नसे.

लँडलाइनबद्दलच्या हळव्या आठवणी आज पुष्कळ लिहिल्या जातात. त्या वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आपल्या देशात लँडलाइन ऐन भरात असतानाही, म्हणजे २००५-०६ च्या सुमारास, शंभर माणसांमागे चार-पाचच जोडण्या होत्या. त्याही मुख्यतः शहरांत. बहुसंख्य भारतीयांच्या घरी लँडलाइन कधी आलाच नाही. त्यांच्यासाठी तो कायम दुसऱ्याच्या घरचा, दुकानातला, पोस्टातला फोन होता. पी. पी. ही दोन अक्षरं म्हणजे आपल्या टेलिफोनच्या इतिहासाचा मोठा भाग आहे. फोन दुर्मीळ होता म्हणून तो वाटून घ्यावा लागला, आणि वाटून घेतल्यामुळे शेजाऱ्याला हाक मारणं भाग पडलं.

कोण बोलतंय?

वाटून घेतलेल्या वस्तूची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे फारच गोड व्हायचं.

लँडलाइनवर पहिला प्रश्न असायचा, “कोण बोलतंय?” आणि हा प्रश्न बहुतेक वेळा घरातला कर्ता पुरुष विचारायचा. मी कॉलेजात असताना वर्गातल्या मुलाला मला नोट्सबद्दल काही विचारायचं असेल, तर तो आधी बहिणीला फोनवर बोलायला लावायचा. मी आले की बहीण रिसिव्हर त्याच्याकडे द्यायची. त्यानंतर माझं बोलणं ‘हो’, ‘नाही’, ‘उद्या बघू’ एवढंच, कारण सहा फुटांवर बाबा पेपर वाचत असायचे. पेपरचं पान मात्र उलटायचं नाही. काही घरांत आतल्या खोलीत समांतर जोडणी असे, तिथला रिसिव्हर कुणी अलगद उचलला की आवाज किंचित बारीक व्हायचा. सासरी नांदणाऱ्या मुलीला माहेरी काही सांगायचं असेल तर सासूसमोरच सांगावं लागे. म्हणजे ती सांगतच नसे. “बरी आहे, सगळं छान आहे” या वाक्यामागे त्या काळी काय काय दडलेलं असेल, कोण जाणे.

घराचा फोन म्हणजे घराची नजर. म्हणून नव्वदीत गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-आयएसडी-पीसीओ बूथ आले, तेव्हा त्यांच्या काचेच्या केबिनमध्ये केवळ परगावी बोलायची सोय नव्हती. दार लावून बोलायची सोय होती. लाल आकड्यांचं मीटर पळत असायचं, आत उकडायचं, बाहेर रांग खोळंबलेली असायची. तरी घरी फोन असणारी मुलं-मुलीही बूथवर जायची. ऐंशीच्या दशकात सॅम पित्रोदा आणि सी-डॉटच्या अभियंत्यांनी भारतीय हवेला, धुळीला आणि उकाड्याला टिकणारी छोटी डिजिटल केंद्रं बनवली. त्यामुळे लहान गावांत फोन पोचला. बूथ चालवायला देताना अपंगांना प्राधान्य मिळालं. त्या पिवळ्या पाटीवर अनेकांचं घर चाललं.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दळणवळण मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. सुरुवातीला मोबाइलवर आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. २००३ मध्ये इनकमिंग मोफत झालं आणि २००४ मध्ये देशातल्या मोबाइलची संख्या लँडलाइनपेक्षा जास्त झाली. ज्या वस्तूसाठी माणसं आठ वर्षं थांबली होती, ती परत करायला दहा-बारा वर्षांच्या आत रांगा लागल्या.

मोबाइलवर पहिला प्रश्न बदलला. आता कोण ते नावासकट दिसतं, म्हणून आपण विचारतो, “कुठे आहेस?” फोन घराचा होता तो माणसाचा झाला. सासरच्या मुलीला गच्चीवर जाऊन आईशी बोलता आलं. ज्यांच्या घरी कधीच लँडलाइन आला नव्हता त्यांच्या खिशात थेट मोबाइल आला. यापुढे लँडलाइनच्या आठवणींचं वजन फार नाही, हे मला मान्य आहे.

तारेतली वीज

मग आई म्हणते त्या ‘असू दे’चं काय?

पहिलं कारण ती स्वतःच सांगते. “वीज गेली तरी तो चालतो.” हे खरं होतं. जुन्या लँडलाइनला घरातल्या विजेची गरजच नव्हती. केंद्रात मोठमोठ्या बॅटऱ्या असत आणि त्यांच्यावरून तांब्याच्या दोन तारांतून सुमारे ४८ व्होल्टचा प्रवाह आपल्या घरापर्यंत यायचा. त्यावर फोन चालायचा. साताऱ्यात पावसाळ्यात दोन दोन दिवस वीज जाते. मोबाइलची बॅटरी संपते. टॉवरची बॅटरीही काही तासांनी संपते. अशा वेळी तो डायल टोन म्हणजे एकट्या बाईला मोठा आधार होता.

पण दोन वर्षांपूर्वी गल्लीतली तांब्याची केबल गेली आणि काचतंतूची, म्हणजे फायबरची आली. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. फोन आता भिंतीवरच्या एका डब्यातून येतो आणि तो डबा घरातल्या प्लगवर चालतो. वीज गेली की डबा बंद, डबा बंद की फोन बंद. फोन तोच, नंबर तोच, क्रोशाचा रुमालही तोच. ज्या गुणासाठी तो ठेवला होता, तोच गुण मात्र कुणी न सांगता निघून गेला. तुमच्या घरी आजी-आजोबा ‘संकटकाळी असू दे’ म्हणून लँडलाइन ठेवत असतील, तर एकदा मेन स्विच बंद करून तो वाजतो का ते बघा. नाही वाजला तर त्या डब्याला छोटा यूपीएस लावा. आम्ही लावला.

कागदावर मात्र लँडलाइनला पुन्हा बरे दिवस आले आहेत. २०२० च्या सुमारास देशातल्या जोडण्या घटत दोन कोटींवर आल्या होत्या. नंतर त्या वाढत तीन कोटींच्या पुढे गेल्या. कारण फायबर इंटरनेटबरोबर लँडलाइन नंबर फुकट मिळतो. म्हणजे तुमच्या वाय-फायच्या डब्यालाही कदाचित एक टेलिफोन नंबर असेल. त्याला फोनच जोडलेला नाही, त्यामुळे तो कधीच वाजणार नाही.

श्रीनगरमधली रांग

घराच्या फोनची खरी परीक्षा अलीकडच्या काळात साताऱ्यापासून फार दूर झाली. काश्मीर खोऱ्यात मोबाइल उरलेल्या देशापेक्षा उशिरा, २००३ मध्ये आला. तिथेही लोकांनी नंतर घरचे फोन काढून टाकले. ऑगस्ट २०१९ मध्ये कलम ३७० रद्द होण्याच्या वेळी खोऱ्यातलं इंटरनेट, मोबाइल आणि लँडलाइन, सगळंच एका रात्रीत बंद करण्यात आलं. परत सुरू करताना पहिला नंबर लागला लँडलाइनचा. १७ ऑगस्टपासून एकेक केंद्र करत सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ते चालू झाले. पोस्टपेड मोबाइल सुरू व्हायला १४ ऑक्टोबर उजाडला, इंटरनेट तर पुढच्या वर्षी आलं.

त्या आठवड्यांमध्ये ज्याच्या घरी धूळ खात पडलेला चालू लँडलाइन होता, त्याच्या दारात शेजारीपाजारी गोळा होऊ लागले. दिल्लीत शिकणाऱ्या मुलाला, आखातात काम करणाऱ्या नवऱ्याला ‘आम्ही बरे आहोत’ एवढंच सांगायला. बातम्यांत ते वाचलं तेव्हा मला आमची बाहेरची खोली आठवली. आमच्याकडे टंचाईने जी पी. पी. निर्माण केली होती, ती तिथे बंदीने पुन्हा आणली.

यातून लँडलाइन सुरक्षित असतो असं मात्र सिद्ध होत नाही. तोही बंद करता येतो, तेव्हा तो सर्वांबरोबर बंद झालाच होता. फोन बंद करायचा अधिकार सरकारने १८८५ च्या तार कायद्यापासून स्वतःकडे ठेवला आहे आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही तो आहे. सिद्ध होतं ते एवढंच, की दहा घरांत एक फोन उरला तर तो दहा घरांचा होऊ शकतो, पण मालकाने दार उघडलं तरच. बोटाच्या ठशाने उघडणारा फोन शेजाऱ्याच्या हाती देणं आपल्याला जड जातं. भिंतीजवळचा फोन देणं इतकं जड जात नव्हतं.

नंबर मागे राहतो

आईचं दुसरं कारण तिने कधी सांगितलं नाही. ते मला गेल्या तीन-चार वर्षांत कळलं.

बाबा २०२१ मध्ये गेले. त्यांचा मोबाइल काही महिने चालू ठेवला आणि मग बंद केला. बंद झालेला मोबाइल नंबर ठरावीक काळानंतर कंपनी दुसऱ्याला देते. दहा आकड्यांचे नंबर पुरवून वापरावे लागतात, म्हणून तसा नियमच आहे. जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावा लागतो, तेही मोबाइलसाठी नवे नंबर मोकळे व्हावेत म्हणूनच. तर बाबांचा नंबर आता कुणा दुसऱ्याचा आहे. भावाने एकदा चुकून लावला तेव्हा एका तरुण मुलाने उचलला आणि नम्रपणे “राँग नंबर” म्हणाला.

घरच्या फोनवर मात्र अजून बाबांसाठी फोन येतात. वर्षाला चार-पाच. चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाचे विद्यार्थी कुठे कुठे असतात. कुणाला जुनी डायरी सापडते, कुणी निवृत्त होऊन गावी परततो, कुणाच्या मुलाचं लग्न असतं. “सर आहेत का?” असं ते विचारतात. आई सांगते. पलीकडे शांतता पसरते. मग तो माणूस, बहुतेक वेळा पन्नाशी-साठीचा, सर वर्गात कसे होते ते सांगू लागतो आणि आई ऐकत बसते. बाबांच्या या गोष्टी तिला कधीच कळल्या नसत्या. मला तर नाहीच.

मोबाइल नंबर माणसाचा असतो आणि माणसाबरोबर संपतो. घराचा नंबर घरातलं एक माणूस गेलं तरी उरलेल्यांकडे राहतो. “कोण बोलतंय?” या ज्या प्रश्नाचा मला कॉलेजात राग यायचा, त्याच प्रश्नाला आता “मी त्यांची बायको बोलतेय” असं उत्तर देता येतं. हे काम दुसरा कुठलाही फोन करू शकत नाही. त्यासाठी महिन्याला दोन-तीनशे रुपये आणि एक यूपीएस हा खर्च मला जास्त वाटत नाही. भावालाही आता वाटत नाही. या दिवाळीला त्याने सरेंडरचा विषय काढला नाही, उलट आईशी व्हिडिओ कॉल झाल्यावर घरच्या नंबरावरही एकदा फोन केला. वाजतो का ते बघायला, म्हणाला.

प्रत्येकाने लँडलाइन ठेवावा असं माझं म्हणणं नाही. तरुण माणसाच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये त्याला काहीच काम नाही. पण ज्या घरात माणसं चाळीस-पन्नास वर्षं राहिली आहेत, तिथला तो बंद करण्याआधी एकदा विचारा की या नंबरावर अजून कुणाचा फोन येऊ शकतो.

आणि तुमच्या घरचा कधीच बंद झाला असेल, तर आज आई-बाबांना तो नंबर विचारून बघा. एकमेकांचा मोबाइल नंबर सांगायला त्यांना फोन उघडावा लागेल. हा मात्र ते पाठ म्हणून दाखवतील, पाचच आकडे होते तेव्हापासूनचा.